कुलाब्याच्या किनाऱ्यावरील वडिलोपार्जित वस्तरा : त्याचें वाचन व त्याची धार

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संशोधक तें हलक्या हातानें उलगडतो, वाचतो, त्याची नक्कल करून घेतो; आणि हें सर्व होईपर्यंत कागदावर पाण्याचा थेंब पडूं देत नाहीं. परंतु त्याच घराच्या माळ्यावर, त्याच पेटाऱ्याच्या तळाशीं एखादा गंजलेला वस्तरा सांपडला, तर तो वाचण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. वारस तो फिरत्या चाकावर घासून आरशासारखा लखलखीत करून आणतो आणि वडिलांची वस्तु जपल्याचें समाधान मानतो. कागदाच्या बाबतींत जें कृत्य आपण अक्षम्य मानूं, तें लोखंडाच्या बाबतींत आपण कर्तव्य समजतों. वडिलोपार्जित वस्तरा हाही एक लेखच आहे. तो कसा वाचावा, आणि वाचून झाल्यावर त्यास धार कोठवर लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

क्षेत्र म्हणून उरण-अलीबागेपासून चौल-रेवदंड्यावरून मुरूड-श्रीवर्धनापर्यंतचा किनारा घेतला आहे. या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हें नांव आहे. मागील काळाविषयीं लिहितांना कुलाबा हें जुनेंच नांव वापरलें आहे. मुरूड व श्रीवर्धन हे भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत होते, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१. नांवें व धंदा

प्रथम शब्दांचा विचार करूं. न्हावी हा शब्द संस्कृत नापित शब्दाचा प्राकृतांतून आलेला वंशज आहे. वस्तरा हा मात्र फारशी उस्तुरा. कारागिराचें नांव एका कुळांतलें व त्याच्या हत्याराचें दुसऱ्या कुळांतलें, असा हा योग आहे. याचा अर्थ मुसलमानी अमलापूर्वीं येथें वस्तरा नव्हता असा कोणी करूं नये. क्षुर हा शब्द वेदकाळापासून आहे, आणि कठोपनिषदांत आत्मज्ञानाच्या मार्गास क्षुराच्या धारेचीच उपमा दिली आहे. वस्तु जुनीच राहिली. बाजार व दरबार यांच्या भाषेनें तिचें नांव बदललें. ज्या चामड्याच्या पिशवींत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा, वाटी व निसणा हीं हत्यारें राहतात ती धोकटी. धोकटी हेंच न्हाव्याचें चालतें दुकान, व तेंच त्याचें दप्तर.

बारा बलुतेदारांच्या बहुतेक सर्व याद्यांत न्हावी आहे. त्याची ओळ कोणती याविषयीं मात्र याद्यांत एकमत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत बलुत्याच्या व्यवहाराचें जें चित्र आहे तें मुख्यतः देशावरचें आहे. खोतीच्या कोकणांत बलुत्याची घडी तितकी पुरी बसलेली नव्हती. म्हणून देशावरचा नियम किनाऱ्यावरील प्रत्येक गांवास सरसकट लावूं नये. तथापि क्षौर, जावळ, लग्नकार्यांतील मान, आणि प्रसंगीं गळूं फोडण्यासारखी बारीकसारीक शस्त्रक्रिया, हीं कामें दोन्हीकडे न्हाव्याचींच होतीं.

या वर्गाचे कागद आपणांस थोडे मिळतात. वतनाचा तंटा झाला तर न्हाव्याचें नांव महजरांत येतें. तंटा न झाल्यास पिढ्यान्‌पिढ्या कागदावर त्याचा मागमूस नसतो. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांतून महाराज निसटले त्या प्रसंगीं शिवा काशीद यानें प्राण दिले. तो जातीनें न्हावी होता असें परंपरा सांगते. प्रतापगडच्या प्रसंगांतील जिवा महाला याजविषयींही तशीच परंपरा आहे. म्हणजे इतिहासानें न्हाव्यास ओळखलें तें तलवारीच्या प्रसंगानें. ज्या हत्यारावर त्याचा रोजचा संसार चालला त्याची नोंद कोणी ठेविली नाहीं. ती नोंद आतां हत्यारावरच शोधावी लागते. वस्तरा घासून लखलखीत करण्यानें काय नाहींसें होतें, हें यावरून समजावें.

२. पोलादाचा प्रवास

वस्तऱ्याच्या पात्याचा इतिहास मुंबई बंदराशीं एका विलक्षण रीतीनें जोडलेला आहे. कंपनी सरकारच्या वैद्यकीय खात्यांतील मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे येथील पोलादाचे नमुने पाठविले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनीं केलेल्या प्रयोगांचा निबंध १७९५ सालीं सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला. निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होणारें व तेथें ‘वूट्झ’ म्हटलें जाणारें असें वर्णिलें आहे. वस्तुतः मुंबई हें केवळ रवानगीचें ठिकाण होतें; हें मुशींतलें पोलाद कर्नाटक, तेलंगण व तामिळ प्रांत यांत होत असे. अस्सल, समकालीन व छापील साधनाचा मथळाही चुकीचा असूं शकतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

लंडन येथील जेम्स स्टोडार्ट या हत्यारें करणाऱ्या कारागिरानें हें हिंदी पोलाद पसंत केलें, व आपण त्याचे वस्तरे आणि शस्त्रवैद्यांचीं हत्यारें करितों अशी जाहिरातही दिली. पुढें याच स्टोडार्टच्या सहकार्यानें मायकेल फॅरडे, जो स्वतः एका लोहाराचा मुलगा होता, त्यानें १८२० व १८२२ सालीं पोलादाच्या मिश्रणांवर दोन निबंध लिहिले. हिंदी पोलादाची बरोबरी करणें हा या प्रयोगांमागील एक हेतु होता. पोलादाच्या ५०० भागांस रुप्याचा १ भाग, हें त्यांतील एक प्रसिद्ध मिश्रण. फॅरडेनें आपल्या पोलादाचे वस्तरे स्नेह्यांस भेट दिले होते. त्याच्या नमुन्यांची पेटी पुढें सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं तपासली, व त्यांतील ७९ नमुन्यांच्या पृथक्करणाचा वृत्तांत १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशीं अक्षरें वारंवार आढळतात, त्यांचें मूळ येथें आहे. मूळ कृति मिश्रणाची होती. परंतु पुढें तें बाजारी नांव झालें, आणि तें मिरविणाऱ्या पात्यांत रुपें असेलच असें मानूं नये. तथापि हिंदुस्थानचें पोलाद पाहून ज्या प्रयोगांस चालना मिळाली, त्यांतून निघालेलें नांव कोरलेला माल पुढें त्याच मुंबई बंदरांत उतरूं लागला, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासकारानें टिपून ठेवण्याजोगी आहे.

३. वस्तऱ्यावरील मजकूर

वस्तऱ्याचें वाचन शेपटीकडून सुरू करावें. पात्याचा जो निमुळता भाग मुठींत खिळ्यानें अडकविलेला असतो त्यावर कारखानदाराचा ठसा असतो. ‘कास्ट स्टील’ म्हणजे ओतीव पोलाद; ही रीत शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यानें १७४० नंतरच्या दशकांत बसविली, म्हणून हीं अक्षरें असलेला वस्तरा त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. राजमुकुटासह व्ही. आर. हीं अक्षरें असल्यास काळ १८३७ ते १९०१ च्या दरम्यानचा, व डब्ल्यू. आर. असल्यास १८३० ते १८३७ चा समजावा. देशाचें नांव ही दुसरी खूण. मालावरील चिन्हांविषयीं इंग्लंडांत १८८७ सालीं व हिंदुस्थानांत १८८९ सालीं कायदे झाले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यानेंही मालावर देशाचें नांव घालणें भाग पाडलें. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हीं अक्षरें ठळक असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. बहुधा असें म्हणण्याचें कारण, असे ठसे त्यापूर्वीं कोणी मारलेच नाहींत असें म्हणतां येत नाहीं.

नामांकित ठशांच्या नकला फार होत. जोसेफ रॉजर्स यांची तारा व क्रूस ही खूण १७६४ पासूनची आहे. पण एवढ्यावरून ती खूण असलेला प्रत्येक वस्तरा त्यांचाच ठरत नाहीं. शिक्का आहे म्हणून सनद खरी न मानण्याचा जो नियम, तोच येथें लावावा, आणि ठशाची साक्ष घडणीच्या साक्षीशीं ताडून पाहावी. १८०० च्या सुमारापूर्वींच्या विलायती वस्तऱ्यास मुठीबाहेर येणारी लांब शेपटी बहुधा नसते. जुनें पातें पाचरीसारखें भरीव असतें. दोन्ही बाजूंनीं खोलगट घासलेलें पातळ पातें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सार्वत्रिक झालें, व त्यांत जर्मनींतील झोलिंगेनचे कारागीर विशेष पुढें होते. पाचरीच्या पात्यावर उशिराचा ठसा, किंवा खोलगट पात्यावर फार जुना ठसा दिसला, तर संशय घ्यावा.

मुठीकडेही लक्ष द्यावें. शिंग, हाड, हस्तिदंत, कासवाची पाठ, आणि १८७० नंतर सेल्युलॉइड, असे तिचे प्रकार आहेत. मूठ बदललेली असणें संभवतें. खिळ्याभोंवतीं दुसरें भोंक, किंवा पातें मिटतांना मुठीच्या मध्यावर न बसणें, हीं त्याचीं चिन्हें. मुठीवर मालकाचीं आद्याक्षरें किंवा एखादी खूण खरवडलेली असल्यास ती सर्वांत मोलाची, कारण बाकी सर्व मजकूर कारखान्याचा व तेवढा घराचा.

४. धोकटींतला व पेटींतला

किनाऱ्यावरील घरांत मिळणारे वस्तरे दोन प्रकारचे समजावेत, असें आमचें मत आहे. एक न्हाव्याच्या घराण्यांतील, म्हणजे धोकटींतला. दुसरा पांढरपेशा घरांतील, म्हणजे पेटींतला. जुन्या वळणाचा गृहस्थ स्वतःची हजामत स्वतः करीत नसे. तिथि-वार पाहून न्हावी घरीं येई. मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी लागून रोज दाढी करण्याची गरज उत्पन्न झाली, तेव्हां गृहस्थाच्या पेटींत आरशाजवळ विलायती वस्तरा आला. जिलेट यांच्या सुरक्षित वस्तऱ्यास अमेरिकेंत १९०४ सालीं पेटंट मिळालें, व तो पसरूं लागल्यावर पेटींतल्या वस्तऱ्याचें कारण सरलें. म्हणून पांढरपेशा घरांतील वस्तरा बहुधा एक-दोन पिढ्यांच्या मर्यादित काळांतला असतो, आणि तो न्हाव्याशीं असलेला जुना संबंध सैल झाल्याची खूण असतो. धोकटींतल्या वस्तऱ्यास अशी मर्यादा नाहीं.

दोहोंतील भेद झिजेवरून ओळखतां येतो. वस्तरा निसण्यावर लावतांना पातें आडवें टेकवितात, म्हणजे धार व पाठ दोन्ही दगडास लागतात. पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून धारेचा कोन ठरतो; जाडी रुंदीच्या चौथ्या हिश्शाइतकी असल्यास तो सुमारें १४ अंश येतो. वेगळें माप लागत नाहीं. घडविणाऱ्यानें तें पात्यांतच घालून ठेवलेलें असतें. मात्र प्रत्येक वेळीं धारेबरोबर पाठही किंचित् झिजते. म्हणून पाठीवर पडलेली सपाट पट्टी किती रुंद आहे, हा त्या वस्तऱ्यानें किती दगड पाहिला याचा हिशोब आहे. न्हाव्याचें पातें रोजच्या कामानें अरुंद झालेलें, पाठीवर रुंद पट्टी असलेलें आढळेल. गृहस्थाचें पातें पुष्कळदां जवळजवळ पुऱ्या रुंदीचें असतें. झीज एका टोंकास अधिक असली, तर ती धार लावणाऱ्या हाताची लकब. लेखकाचें वळण जसें अक्षरांत उतरतें, तसा हा हात पात्यावर उतरलेला असतो. चाकावर घातल्यास प्रथम हाच मजकूर पुसला जातो.

५. गंज व शुद्धि

किनाऱ्यावर लोखंडाचा शत्रु हवा. अलीबागेस वर्षाला २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेल्या ऋतूंतही खारा वारा असतो. गंज दोन प्रकारचा असतो. तांबूस, भुसभुशीत गंज ओल धरतो व खालीं खात जातो, तो काढावा. काळा, घट्ट बसलेला थर पात्याचें रक्षण करितो. तो राहूं द्यावा. तांबूस गंजास खनिज तेल लावून एक-दोन दिवस ठेवावें, मग मऊ फडक्यानें पुसावें, व हें सावकाश पुनःपुन्हां करावें. चिंच, लिंबू वगैरे आंबट पदार्थांनीं भांडीं उजळतात, पण पात्यावर ते वापरूं नयेत. गंजाबरोबर ठशाच्या कडाही ते खातात. शेपटीवरील ठशास तर घासणी लावूंच नये.

फिरतें चाक वर्ज्य मानण्यास दुसरेंही कारण आहे. वस्तऱ्याचें पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कठीणपणा, पातें २०० अंश सेंटिग्रेडच्या बरेंच पलीकडे तापल्यास उतरूं लागतें. खोलगट पात्याची कड कागदासारखी पातळ असल्यानें ती चाकावर क्षणांत तापते. कडेस निळसर रंग आला तर पाणी गेलें असें समजावें. तेवढा भाग पुन्हां धार धरीत नाहीं.

मुठीची व्यवस्था वेगळी. शिंगास कीड लागते, म्हणून वेळोवेळीं तपासावें. सेल्युलॉइड जुनें झालें म्हणजे त्यांतून आम्लाची वाफ सुटते, व मिटलेल्या पात्यावर मुठीच्या आंतून गंज चढतो. अशी मूठ पात्यापासून सुटी करून ठेवावी, आणि कागदपत्रांच्या पेटींत तर ती कधींच ठेवूं नये. हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची मूठ असल्यास ती विकण्या-विकत घेण्याच्या फंदांत पडूं नये; १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या यांनीं तो व्यवहार बंद केला आहे.

६. धार

आतां मुख्य प्रश्न. वस्तऱ्यास धार लावावी कीं नाहीं? पोथीचा न्याय अक्षरशः लावला तर हात लावूं नये असें उत्तर येईल. परंतु पोथीचें अक्षर एकदां लिहिलेलें असतें. धार ही मुळांतच रोज नवी करावयाची वस्तु आहे. शेवटच्या न्हाव्यानें लावलेली धार गंजानें केव्हांच नेलेली असते. म्हणून आमचें उत्तर असें : धार नवी करावी, पातें नवें करूं नये. ठसा, पाठ, झीज व काळा थर ही घराची साक्ष. कडेचा केसभर भाग हा वापराचा हक्क.

हें काम निसण्यावर हातानेंच करावें. दगड प्रथम सपाट करून घ्यावा. कडेस खांडें नसल्यास सुमारें १००० नंबरच्या दगडापासून आरंभ पुरतो. तेथें दोन्ही बाजू धारेपाशीं बरोबर मिळाल्या म्हणजे क्रमाक्रमानें ८००० च्या आसपासच्या बारीक दगडावर यावें. पाणी असावें, दाब नसावा. पाठीची पट्टी आणखी रुंदावूं नये म्हणून पाठीवर पातळ चिकटपट्टी लावण्याची रीत आहे. साक्षीच्या वस्तऱ्यास ती अवश्य पाळावी. शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावें. निसण्यावर धार पुढें, पट्ट्यावर पाठ पुढें, हा नियम उलटला तर दगडावर धार बसत नाहीं व पट्टा कापला जातो. टांगलेला केस सहज तुटला म्हणजे काम झालें. खांडें खोल असल्यास तीं काढण्याकरितां पात्याची रुंदी घालवूं नये. तसा वस्तरा तेल लावून, आहे तसाच ठेवावा.

ही विद्याही साक्षच आहे. गेल्या कांहीं दशकांत, विशेषतः रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या भीतीनें, दुकानांतून एकदां वापरून टाकावयाचीं पातीं आलीं. तें योग्यच झालें. पण निसणा व पट्टा यांचें काम त्यामुळें संपलें. ज्यांच्या हातांत तें काम अद्याप आहे, त्या वयोवृद्ध कारागिरांकडून तें पाहून, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घेणें, हें दप्तर गोळा करण्याइतकेंच निकडीचें आहे.

७. एक कठीण पान

वस्तऱ्याच्या इतिहासांत एक पान असें आहे कीं तें गाळून चालणार नाहीं. कांहीं जातींत विधवेचें केशवपन होई, व तें याच हत्यारानें. १८९० सालीं ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून, यापुढें विधवांचें वपन करणार नाहीं असा निश्चय केला. ज्याच्या धंद्याची मिळकत या कामांतही होती, त्यानेंच हत्यार खालीं ठेविलें, ही या निश्चयाची थोरवी. सुधारणेच्या इतिहासांत सभा, लेख व कायदे यांची गणना होते; हातांतला वस्तरा न उचलण्याच्या या कृतीची गणना त्यांच्याच शेजारीं व्हावयास हवी. जुन्या घरांत मिळालेला वस्तरा कोणत्या कामीं आला हें पात्यावरून कळत नाहीं. घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारल्यास कदाचित् कळेल. तसें विचारतांना त्यांचा संकोच राखावा, व उत्तर मिळालें तर लिहून ठेवावें.

८. सूचना

संग्राहकांनीं पुढील क्रम पाळावा असें आम्हांस वाटतें. वस्तरा मिळतांच, पुसण्यापूर्वीं, दोन्ही बाजूंचीं व शेपटीचीं छायाचित्रें घ्यावीं. लांबी, रुंदी, पाठीची जाडी व पाठीवरील पट्टीची रुंदी मिलिमीटरांत मोजावी. ठशाचीं अक्षरें, तुटकीं असल्यास तुटकींच, उतरून घ्यावीं. तर्कानें पुरीं करूं नयेत. कोणत्या गांवीं, कोणत्या प्रकारच्या घरांत, कोणत्या वस्तूंबरोबर मिळाला हें नोंदावें, आणि धोकटी मिळाल्यास तींतील हत्यारें वेगळीं करूं नयेत. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरांतील जातवार वर्णन व स्थानिक वतनी कागद यांच्याशीं या नोंदी ताडून पाहाव्या. १०० वर्षांवरील वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेंत येऊं शकते, म्हणून ती देशाबाहेर पाठविण्याचा विचार करूं नये. हें सर्व झाल्यावर तेल, आणि त्यानंतर, वर सांगितलेल्या मर्यादेंत, धार.

अशा पन्नास-साठ वस्तऱ्यांच्या नोंदी एका किनाऱ्यावरून जमल्या, तर विलायती माल कोणत्या दशकांत कोठवर पोंचला, न्हाव्याचें हत्यार किती पिढ्या चाललें, आणि गृहस्थानें आपल्या हातीं वस्तरा केव्हां घेतला, या प्रश्नांस अनुमानाऐवजीं पुराव्यानें उत्तर देतां येईल. ज्यांच्या संग्रहीं असे वस्तरे असतील त्यांनीं ते घासण्यास देण्यापूर्वीं ही नोंद करावी, अशी विनंति आहे.